जीपीएस बंद पडलं तर फोनचा नकाशा ठप्प?

‘जीपीएस अमेरिकेचं, त्यांनी बटण दाबलं की आपला नकाशा बंद,’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय.

मालकीचं खरं आहे, पुढचं नाही. आजचे बहुतेक स्मार्टफोन रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईदोऊ या उपग्रह यंत्रणाही वापरतात. काही फोन भारताचं नाविकसुद्धा. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. चौथा कशाला? फोनच्या घड्याळाची चूक काढायला, कारण सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरूनच अंतर मोजतात. एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटर! चारही एकाच देशाचे लागत नाहीत. २००४ मध्ये अमेरिका-युरोपने करारच केला, म्हणून जीपीएस आणि गॅलिलिओ दोन्ही १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात.

पडताळायचंय? उपग्रह दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या, मोकळ्या मैदानात दोन मिनिटं थांबा. यादीत उपग्रहांपुढे देशांचे झेंडे किंवा यंत्रणांची नावं दिसतील. घरात मात्र करू नका, स्लॅबखाली सिग्नल दुबळा होतो.