मेडिकल बोर्डात फ्लाइंग गेलं, आता पुढे काय? एअरफोर्स पायलटसाठी प्रोसेस आणि कागदपत्रं

मेडिकल बोर्ड म्हणजे पायलट उडायला फिट आहे का ते ठरवणारी डॉक्टरांची समिती. तिने फ्लाइंग बंद केलं की बोर्डातून बाहेर आल्यावर पहिला फोन घरी जातो, दुसरा कोर्समेटला, आणि तो कोर्समेट एकच विचारतो, "टेम्पररी का परमनंट?" प्रश्न बरोबर आहे, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

एअरफोर्सची कॅटेगरी वाचायला सोपीये. ए म्हणजे हवेतलं काम, जी म्हणजे जमिनीवरचं, आणि आकडा वाढला की बंधनं वाढली. ए१जी१ म्हणजे पूर्ण फिट. ए४जी१ म्हणजे ग्राउंडला एकदम फिट पण फ्लाइंग बंद, ग्राउंड ड्यूटीवाले ऑफिसर भरतीच या कॅटेगरीत होतात, त्यामुळे तो काही कलंक नाही, पायलटच्या पोटात मात्र गोळा येतो. मधल्या आकड्यांना अटी घालून उडवता येतं, म्हणजे शेजारी दुसरा पायलट हवा वगैरे. पुढे टी२४ लिहिलं असेल तर टेम्पररी, २४ आठवड्यांनी परत बोर्ड. टेम्पररीत लगेच राजीनाम्याच्या गोष्टी सुरू करू नका राव, बरेच जण परत वर येतात.

रस्ता साधारण असा, युनिटचा डॉक्टर आधी स्पेशलिस्टकडे पाठवतो, त्याचं ओपिनियन आलं की बोर्ड बसतं, आणि एअरक्रूच्या अवघड केसेस बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला किंवा दिल्लीच्या एएफसीएमईला (एअरफोर्सचं मेडिकल केंद्र) जातात. सर्व्हिसमधे असताना कॅटेगरी बदलाचा फॉर्म एएफएमएसएफ-१५, आणि नोकरी सोडताना किंवा इनव्हॅलिड होताना (म्हणजे तब्येतीमुळे नोकरीतून काढताना) एएफएमएसएफ-१६. हे दोन नंबर पाठ करा. बोर्डाने लिहिलं म्हणजे झालं असंही नाही, वरची मंजुरी येईपर्यंत ती फक्त शिफारस असते.

बोर्डाला जाताना जुन्या सगळ्या एएफएमएसएफ-१५ च्या कॉप्या, स्पेशलिस्टची ओपिनियन्स, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नको, सीडीच) बरोबर ठेवा. इजा ड्यूटीवर झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (खात्याची अंतर्गत चौकशी) झाली असल्यास त्याचे कागद. हा इंज्युरी रिपोर्ट लोक फार हलक्यात घेतात. इजेक्शन झालेल्याचा, म्हणजे सीटसकट विमानातून बाहेर पडलेल्याचा, होतोच, कारण सगळं स्टेशन जागं असतं आणि मणक्याचे फोटो आपोआप निघतात, पण हेलिकॉप्टरवाल्याची पाठ कुठल्या एका दिवशी मोडत नाही, डाव्या हातात कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली न्यायचा दांडा), अंग पुढे झुकलेलं, खालून व्हायब्रेशन, असं वर्षानुवर्षं चालतं आणि तो बाम लावून परत सॉर्टीला जातो. माझंही तेच झालं, सिक रिपोर्ट (युनिटच्या डॉक्टरकडे आजाराची नोंद) केलाच नाही, मग बोर्डापुढे दाखवायला जुना कागदच नव्हता. दुखतंय तर त्याच दिवशी नोंद करा.

कारण डिसअ‍ॅबिलिटी पेन्शनला दोन गोष्टी बघतात. आजार किंवा इजा सर्व्हिसमुळे झाली का, किंवा सर्व्हिसमुळे वाढली का, आणि टक्केवारी किमान २० आहे का. त्यामुळे एएफएमएसएफ-१६ वर सही करण्याआधी सर्व्हिसमुळे झालं की नाही हे लिहिलेलं कलम शांतपणे वाचा, आणि कॉपी घेतल्याशिवाय हलू नका. क्लेम नाकारला तर पहिलं अपील ६ महिन्यांत, मग दुसरं अपील, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं बेंच. २०१३ च्या धरमवीर सिंग केसमधे सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर झुकतं माप जवानाला, पण २०२३ पासून एन्टायटलमेंट रूल्स नवे आहेत, तेव्हा तुमचा रिलीज (नोकरीतून सुटका) कुठल्या तारखेचा ते आधी बघा.

आता करिअर. नोकरीतच राहायचं असेल तर ब्रँच बदलायला अर्ज करता येतो, अ‍ॅडमिन, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स असं, जागा आणि योग्यता बघून. एटीसी (विमानांची वाहतूक सांभाळणं) किंवा फायटर कंट्रोल (लढाऊ विमानांना रडारवरून दिशा देणं) मिळालं तर निदान रेडिओवर तरी आपली भाषा ऐकू येते.

एअरलाइनला जायचं तर डीजीसीएचं (सिव्हिल विमानवाहतुकीचं सरकारी खातं) क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची तपासणी, वेगळं लागतं, आणि सगळी गंमत इथे आहे. ए४ झालेला सिव्हिलमधे आपोआप अनफिट होत नाही, तिथे जी-सूट घालून वळणं घ्यायची नसतात. पण पहिलं क्लास १ करणाऱ्या सेंटरांत तेच बंगळुरू आणि तेच दिल्ली आहे. म्हणजे पेन्शनसाठी "पाठ गेली" आणि लायसन्ससाठी "पाठ ठणठणीत" अशा दोन गोष्टी सांगायला गेलात तर दोन्ही फाइली एकाच टेबलावर येऊ शकतात. फॉर्ममधे जुना इतिहास विचारतात, सगळा लिहा, बोर्डाचे कागद जोडा, लपवलेलं सापडलं की आजारापेक्षा जास्त महाग पडतं. माझ्या मते तर ओळखीच्या एव्हिएशन मेडिसिनवाल्याला आधी कागद दाखवावेत आणि मगच राजीनाम्याचे पेपर ठेवावेत.

क्रम असा ठेवा: डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक), आधी क्लास २, मग क्लास १, आणि हे झाल्यावरच परीक्षांच्या क्लासला पैसे भरा. सीपीएलला (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) २०० तास, एटीपीएलला (एअरलाइन कॅप्टनचं लायसन्स) १५०० तास, लॉगबुक युनिटमधूनच सर्टिफाय करून घ्या, बाहेर पडल्यावर सहीसाठी पळापळ होते. आरटीआर (विमानातला रेडिओ वापरायचं लायसन्स) पूर्वी टेलिकॉम खात्याकडे होतं, नव्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर २०२५ पासून डीजीसीएकडे आलंय. अजून सर्व्हिसमधे असाल तर एनओसी लागतेच.

क्लास १ नाहीच झालं तर ड्रोन आहे, २०२१ च्या ड्रोन रूल्सप्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेटला १० वी पास, वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं ट्रेनिंग एवढं पुरतं. सिम्युलेटरवर शिकवणं, फ्लाइट डिस्पॅच, सेफ्टी हेही आहे. रिलीज झाल्यावर पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि रिलीज ऑर्डर घेऊन आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करा, मुलांच्या अ‍ॅडमिशनला माजी सैनिकाचा दाखला लागतो तो तिथूनच मिळतो, आणि जूनमधे तिथे रांग असते, आधीच जा.