अंगठ्याची गिटार, बोटांची गिटार

एकटा गिटारवादक. सोबत गायक नाही, ड्रम नाही, अॅम्प्लिफायरही नाही. सगळ्यांना पाठ असलेलं एक जुनं लोकगीत तो नुसत्या तारांवर वाजवतो आणि ऐकणाऱ्यांची दाद ठरलेली असते. ‘दोघं वाजवतायत का?’, ‘शब्द नसून शब्द ऐकू येतात’, ‘अंगावर काटा आला’. ही वाक्यं नुसतं कौतुक म्हणून सोडून द्यायची नाहीत. ज्याला आपण बोटांची जादू म्हणतो तिचा बराचसा हिशेब मिलिमीटर आणि हर्ट्झमध्ये (सेकंदाला होणाऱ्या कंपनांत) मांडता येतो. उरलेला हिशेब ऐकणाऱ्याच्या कानात होतो, आणि तो जास्त मजेदार आहे.

आधी ‘दोघं वाजवतायत का?’ याचं बघू. या पद्धतीत उजव्या हाताची कामं वाटून दिलेली असतात. अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी तार, म्हणजे खर्ज. तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेकडे वरच्या तीन तारा, म्हणजे चाल. चार मात्रांच्या गाण्यात अंगठा प्रत्येक मात्रेवर आळीपाळीने दोन तारा छेडतो: सहावी, चौथी, सहावी, चौथी. बोटं बहुतेक वेळा मात्रांच्या मधल्या जागा पकडतात. अमेरिकेतल्या मर्ल ट्रॅव्हिस या वादकावरून या पद्धतीला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात.

तारेवरून एका पाठोपाठ एक सुटे स्वर निघत असतात, दोन स्वर एकत्र वाजतात ते क्वचित. तरी कान ते एका माळेत ओवत नाही. स्वर भराभर येत असतील आणि त्यांच्या उंचीत बरंच अंतर असेल, तर मेंदू त्यांचे दोन वेगळे प्रवाह करतो: खालचे स्वर एकाचे, वरचे दुसऱ्याचे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वर्गवारीचे नियम तपशिलात मांडले आहेत. गिटारीच्या बाबतीत हे नियम जणू वादकाच्या बाजूनेच लिहिलेले आहेत. सहावी तार ८२ हर्ट्झची, चौथी १४७ची, तर चालीचे स्वर साधारण २५० ते ६६० हर्ट्झच्या पट्ट्यातले. शिवाय खर्जाच्या तारा वेटोळ्यांच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या), वरच्या दोन साध्या पोलादी. अंगठ्याचा मऊ मांसल भाग एकीकडे, बोटांची नखं दुसरीकडे. उंची वेगळी, पोत वेगळा, ठेका वेगळा. मेंदूने दोन माणसं कल्पिली नाहीत तरच नवल.

हा भास मोडतो तो बहुधा अंगठ्यामुळे. नवशिक्याचा अंगठा बोटांइतकाच, किंबहुना जास्त जोरात लागतो. खर्जाची जाड तार बराच वेळ घुमत राहते, आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या स्वरावर चढते आणि चाल बुडते. उपाय जुना आहे. उजव्या तळहाताची कड घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, अशी टेकवायची की फक्त खर्जाच्या तीन तारांना ती जेमतेम स्पर्श करेल. कड घोडीच्या पुढे पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली की तारेचा नाद मरतो, नुसता ‘ठक्’ उरतो.

अमेरिकन लोकसंगीत वादक एलिझाबेथ कॉटन यांनी ही वाटणीच उलटी केली होती. त्या डावखुऱ्या. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार त्यांनी तशीच उलटी धरली. त्यामुळे खर्ज बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे आली. त्यांच्या वादनात चालीचे स्वर गोल आणि मऊ लागतात, त्यात या मांसल अंगठ्याचा मोठा वाटा आहे.

‘शब्द नसून शब्द ऐकू येतात’ ही दाद मिळवणं सगळ्यात अवघड. गाणारा गळा स्वर धरून ठेवू शकतो, फुलवू शकतो. गिटारीचा स्वर जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. म्हणून वादकाच्या हाती उरतो तो स्वराचा पोत. एकाच चालीची पाच-सहा कडवी वाजवताना प्रत्येक कडवं वेगळं वाटलं पाहिजे, आणि ते सगळ्यात सहज साधतं तार छेडण्याची जागा बदलून.

तार छेडली की तिच्या मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपनंही सुरू होतात. यांना हार्मोनिक म्हणतात. तंबोऱ्याच्या संदर्भात आपण ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतो, ते हेच. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे सगळे हार्मोनिक गायब होतात, कारण त्या कंपनांत मध्यबिंदू स्थिर असतो आणि स्थिर बिंदूवर बोट लावून ते कंपन सुरूच करता येत नाही. एक चतुर्थांश अंतरावर छेडली तर चौथा, आठवा, बारावा जातो. घोडीच्या जितकं जवळ जावं तितके वरचे हार्मोनिक जोरकस आणि नाद धारदार, पत्र्यासारखा. उलट दिशेने गेलं की बासरीसारखा.

आता आकडे घालू. गिटारीच्या तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर धरू. गिटारीच्या पोटावरच्या गोल भोकाचा मध्य घोडीपासून साधारण १६० मिलिमीटरवर येतो, म्हणजे मोकळ्या तारेच्या जवळपास पाव अंतरावर. पण डाव्या हाताने पाचवा फ्रेट (गिटारीच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) दाबला की कंप पावणारी लांबी ४८५ मिलिमीटरच उरते. उजवा हात जागचा हलला नाही तरी तो आता तारेच्या एक तृतीयांशावर आलेला असतो! नाद आपोआप मऊ आणि पोकळ होतो. चाल वर चढताना जाणते वादक उजवा हात नकळत घोडीकडे सरकवतात, ते यासाठी. व्हिडिओत ही हालचाल सहज दिसते, पण आपण सगळे डाव्या हाताकडे बघत असतो.

छेडण्याची दिशाही महत्त्वाची. तार गिटारीच्या वरच्या फळीला समांतर हलली तर तिची ऊर्जा लाकडात हळूहळू उतरते: आवाज बारीक, पण टिकाऊ. तीच तार फळीकडे दाबून सोडली, म्हणजे ती फळीला काटकोनात हलली, तर आवाज भरदार येतो आणि लवकर विरतो. चालीतला महत्त्वाचा स्वर उठून दिसावा म्हणून जोर वाढवण्यापेक्षा बोटाचा कोन बदलणं केव्हाही चांगलं. जोर वाढवला की तार फ्रेटवर आपटून खरखरते.

हे सगळं लाकडापर्यंत पोचलं तरच ऐकू येतं. एकटी तार इतकी बारीक असते की तिच्या हलण्याने हवा फारशी हलतच नाही. खरा आवाज करते ती वरची फळी, बहुधा स्प्रूस लाकडाची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोग्रॅम वजनाच्या घरात असतो. फळी जाड केली तर ताण सहज पेलते, पण मुकी होते. पातळ केली तर बोलकी होते आणि घोडीपाशी फुगते. या ओढाताणीतून निघालेली वाट म्हणजे फळीच्या आतून फुलीच्या आकारात बसवलेल्या पट्ट्या. मार्टिन या गिटारकर्त्यांनी १८४०च्या दशकात ही रचना वापरायला सुरुवात केली, आणि आजच्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारी तिच्यावरच उभ्या आहेत.

पोटातली हवाही वाजते. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा ‘भूं’ असा आवाज येतो, तसाच गिटारीच्या भोकाचा स्वतःचा एक स्वर असतो, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. फळीचा पहिला मोठा अनुनाद, म्हणजे ती आपोआप जोरात घुमते तो स्वर, २०० हर्ट्झच्या जवळपास. पाचव्या तारेचा मोकळा स्वर ११० हर्ट्झ, म्हणजे हवेच्या अनुनादाच्या शेजारीच. काही गिटारींवर सहाव्या तारेचा एखाद-दुसरा स्वर अचानक फुगून येतो आणि लगेच विरतो, त्याचं कारण हेच: तो स्वर हवेच्या अनुनादावर येऊन पडतो. तो वादकाचा दोष नसतो, आणि तारा बदलूनही तो जात नाही.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता गिटारीला मानवते. हवा फार कोरडी झाली की फळी आत बसते, तारा फ्रेटच्या जवळ येऊन खरखरू लागतात आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. फळीला चीर जायच्या आधीचे इशारे हेच.

आता एक प्रत्यक्ष गाणं घेऊ. ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं इंग्रजी लोकगीत. इंग्रज लोकगायक मार्टिन कार्थी यांनी १९६०च्या दशकात ते गिटारीवर बसवलं आणि सायमन-गारफंकेल या अमेरिकन गायक जोडीमुळे ते १९६६नंतर जगभर गेलं. त्याची स्वरावली पाश्चात्त्य परिभाषेत डोरियन, आपल्याकडे काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल, धैवत शुद्ध. दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडे हा शुद्ध धैवत लागतो आणि उदास चालीत क्षणभर उजेड येतो. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून ए मायनरच्या आकृत्यांत वाजवताना इथे डी मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, हवा. सवयीने डी मायनर धरला गेला की धैवत कोमल होतो, थाट आसावरी होतो आणि गाण्यातलं धुकं नाहीसं होऊन नुसता शोक उरतो. एका बोटाचा फरक आहे, पण गाणं माहीत असलेला श्रोता तो लगेच पकडतो.

हे गाणं सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवणं रूढ आहे. प्रत्येक फ्रेटला तारेची वारंवारता १.०५९५ पट होते. सात वेळा असं केलं की जवळजवळ दीडपट. तारेची लांबी ६४८ची ४३२ मिलिमीटर होते आणि सहाव्या तारेचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झवरून १२३वर जातो. हवेचा अनुनाद त्याच्या खाली राहतो, त्यामुळे घुमारा कमी होऊन नादाला हार्पसारखी चमक येते. फक्त मघाचा हिशेब इथेही लागू आहे: पाव अंतर आता घोडीपासून १०८ मिलिमीटरवर आहे, १६०वर नाही. उजवा हात भोकावरच ठेवला तर हार्पची चमक अर्धी वाया जाते.

कॅपोच्या तक्रारी नेहमी सुराच्या असतात. तो फ्रेटच्या अगदी मागे, लागून बसवायचा. दोन फ्रेटच्या मधोमध बसवला तर तारा जास्त ताणल्या जाऊन स्वर चढतात, आणि सगळ्या तारा सारख्याच चढत नाहीत. म्हणून कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासायचा. स्वर चढलेला असेल तर खुंटी आधी गरजेपेक्षा जास्त उतरवायची आणि मग हळूहळू वर आणायची, नाहीतर दुसऱ्या कडव्यापर्यंत तार पुन्हा घसरते. दुसऱ्या तारेशी मात्र हट्ट करू नये. काही कॉर्डमध्ये गंधार याच तारेवर येतो. शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, गिटारीचे फ्रेट तो ४०० सेंटवर देतात. (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग.) एका कॉर्डमध्ये तो कानाला गोड लागेपर्यंत उतरवला, तर पुढच्या कॉर्डमध्ये तीच तार बेसूर होते.

अंगावर येणाऱ्या काट्याचाही अभ्यास झाला आहे. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना त्यांच्या आवडीचं, शब्दांविना असलेलं संगीत ऐकवलं आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. संगीताचा उत्कर्षबिंदू आला तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवलं, हे तर झालंच. पण तो बिंदू येणार आहे या अपेक्षेच्या सेकंदांतही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात डोपामिन स्रवत होतं. पाठ असलेल्या लोकगीताचं बळ इथे आहे: पुढची ओळ कुठे जाणार हे श्रोत्याला ठाऊक असतं, म्हणून ती कणभर उशिरा आली तर तो ताटकळतो. अनोळखी चालीत ही युक्ती चालत नाही, कारण तिथे वाट बघायला कुणी आलेलंच नसतं.

बरेच जण हे सगळं ऐकतात फोनच्या इवल्याशा स्पीकरवर, जो काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. मग ८२ हर्ट्झचा खर्ज ऐकू कसा येतो? स्पीकरमधून २४७, ३३०, ४१२ हर्ट्झचे हार्मोनिक बाहेर पडतात. त्यांच्यातलं अंतर सारखंच, ८२ हर्ट्झचं, हे मेंदू ओळखतो आणि नसलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. अंगठा फार मऊ, फार पुढे फ्रेटबोर्डवर वाजला तर हे वरचे हार्मोनिकच दुबळे पडतात आणि फोनवर खर्ज खरोखर गायब होतो. हेडफोनवर तोच भाग सुंदर लागतो.

ध्वनिमुद्रण करताना पहिली चूक माइक भोकासमोर धरण्याची होते. आवाज तिथून येतो असं वाटतं खरं, पण तिथे हवेचा १०० हर्ट्झचा घुमारा सगळ्यावर मात करतो. माइक बाराव्या फ्रेटकडे रोखून २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवला की तार, लाकूड आणि बोटं प्रमाणात येतात.

बोटांबरोबर त्यांचं सरकणंही येतं: वेटोळ्याच्या तारेवरून हात हलताना होणारी ती ‘च्वीक’. तिची वारंवारता म्हणजे हाताचा वेग भागिले दोन वेटोळ्यांमधलं अंतर. सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि अर्ध्या मिलिमीटरची वेटोळी असतील तर १००० हर्ट्झ, म्हणजे कान जिथे चांगलाच तीक्ष्ण असतो तिथेच. चौथ्या तारेची वेटोळी बारीक, म्हणून तिची च्वीक सहावीपेक्षा उंच. लेप दिलेल्या तारांवर ती कमी होते. नाहीतर सरकण्याआधी बोट तारेवरून कागदाच्या जाडीइतकं उचलायचं आणि नव्या जागी सरळ वरून ठेवायचं. सगळ्याच च्वीक काढायचा अट्टाहास मात्र नको, साफ पुसलेलं मुद्रण कीबोर्डवर वाजवलेल्या गिटारीसारखं ऐकू येतं.