मागचे केस पुढे लावले तर टिकतात कसे?

सकाळी सातलाच भाच्याचा मेसेज आला. उशीच्या अभ्र्याचा फोटो, त्यावर विखुरलेले बारीक केस, आणि खाली एक ओळ : ‘मामा, पैसे पाण्यात गेले.’ हेअर ट्रान्सप्लांट करून त्याला तीन आठवडे झाले होते. क्लिनिकला विचारलं तर ‘नॉर्मल आहे, घाबरू नका’ एवढंच उत्तर मिळालं म्हणे. फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका होता. त्याला वाटलं, मूळच उपटून हातात आलं.

ते मूळ नव्हतं. आपण ज्याला केस म्हणतो तो केराटिनचा मेलेला धागा. जिवंत असतं ते कातडीच्या आत चार-पाच मिलिमीटर खोल बसलेलं केशपुटक, डॉक्टरांच्या भाषेत फॉलिकल. हे पुटक आयुष्यभर एकसारखं काम करत नाही. दोन ते सहा वर्षं केस वाढवतं, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतं आणि साधारण तीन महिने स्वस्थ बसतं. स्वस्थ बसलेल्या पुटकातल्या केसाचं बूड टणक, पांढुरकं होतं आणि तो केस सहज सुटून येतो. पांढरा ठिपका तो हाच. डोक्यावर सुमारे एक लाख केस धरा; त्यातले दहा टक्के, म्हणजे दहा हजार, कुठल्याही दिवशी विश्रांतीत असतात. ते शंभर दिवसांत गळायचे म्हणजे रोजचे शंभर झाले. कंगव्यात रोज पन्नास ते शंभर केस आले तर चालतात असं सांगतात, त्यामागचा हिशेब एवढाच.

आता शस्त्रक्रिया आठवा. मागच्या भागातून एक-एक पुटक साधारण एक मिलिमीटरच्या पोकळ सुरीने सुटं केलं, त्याची रक्तवाहिनी तुटली, काही तास ते थंड सलाइनमध्ये राहिलं, मग पुढच्या बारीक चिरेत बसवलं. एवढं सोसल्यावर पुटक वाढ थांबवतं आणि थेट विश्रांतीत जातं. केस गळतो, पुटक आत जिवंत राहतं. डेंग्यू होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते याच वाटेने, आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. लावणी झाल्यावर तरवा काही दिवस पिवळा पडून मान टाकतो, म्हणून कोणी शेतकरी डोक्याला हात लावून बसत नाही, तसंच हे. फरक इतकाच की भाताला फुटवे येतात, केसाला येत नाहीत. एक पुटक काढलं, एक लावलं. बेरीज तीच राहते.

म्हणून वेळापत्रक असं असतं : दोन ते सहा आठवड्यांत गळती, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक कोंब, सहाव्या महिन्यात निम्मं चित्र, वर्षाने खरा निकाल. शेंडीकडचा भाग आणखी रेंगाळतो. ‘जूनमध्ये केलं तर गणेशचवथीपर्यंत केस येतील ना?’ असं विचारणाऱ्याला स्पष्ट सांगावं की चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, तू आत्ता दिसतोस त्यापेक्षा विरळच दिसशील.

पण मला या सगळ्यात खरा रस आहे तो एका वेगळ्याच प्रश्नात. पुढचं टक्कल पडलं ती जागाच वाईट असेल, तर तिथे नेऊन लावलेले मागचे केस का टिकतात?

जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ मध्ये भाजलेल्या रुग्णांच्या डोक्यावर केसांसकट कातडीचे छोटे गोल तुकडे लावले होते. युद्धाच्या धामधुमीत ते काम जगापर्यंत पोचलं नाही. पुढे न्यूयॉर्कमधले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइच यांनी १९५० च्या दशकात फार नेटका प्रयोग केला. केसाळ भागातला तुकडा टकलात लावला, आणि टकलातला तुकडा केसाळ भागात. तेव्हा अनेकांची समजूत होती की डोक्याची वरची कातडी ताणलेली असते, तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून टक्कल. तसं असतं तर मागचा केस पुढे येऊन मेला असता आणि टकलाचा तुकडा मागे जाऊन हिरवागार झाला असता. झालं उलट. मागचे केस टकलात वाढत राहिले, टकलाचा तुकडा दाट केसांत बसूनही टकलाच राहिला. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे दोष जमिनीत नसून पुटकात होता. पुटक आपला स्वभाव सोबत घेऊन जातं.

हा स्वभाव आला कुठून? इथे थोडं रसायनशास्त्र सोसा. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले वा काढले गेले, त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरोन दिलं तर घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागतं. हॉर्मोन हवं आणि वारसाही हवा. पुढचा दुवा १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांतून मिळाला. जूलियन इंपेराटो-मॅकगिनली यांनी तिथल्या अशा पुरुषांचा अभ्यास केला ज्यांच्यात ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) जन्मतःच अपुरं होतं. टेस्टोस्टेरोन व्यवस्थित, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर होत नव्हतं. त्यांची प्रोस्टेट लहान राहिली आणि पुढचे केस मागे हटले नाहीत.

केशपुटकाच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो, डर्मल पॅपिला. केस किती जाड होणार आणि किती काळ वाढणार, हे तो ठरवतो. डीएचटी या पेशींत शिरून अँड्रोजन रिसेप्टरला चिकटतं, ही जोडी केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू-बंद करते, आणि पॅपिला आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप धाडते. गंमत पाहा : दाढीच्या पॅपिला याच हुकमावर आयजीएफ-१ सारखे वाढ चेतवणारे निरोप पाठवतात, तर कपाळावरच्या टक्कलप्रवण पॅपिला टीजीएफ-बीटासारखे वाढ रोखणारे. एकच हॉर्मोन दाढी दाट करतं आणि डोकं उघडं पाडतं. मागच्या पट्ट्यातल्या पुटकांत या हॉर्मोनबद्दलची संवेदनाच कमी असते. संवेदनशील पुटकाचा वाढीचा टप्पा मात्र दर फेरीला आखडतो. पाच वर्षांचा तीन, मग एक, मग काही महिन्यांवर. केस बारीक होत होत लव उरते. टक्कल पडतं तेव्हा पुटकं नाहीशी होत नाहीत, ती आक्रसतात.

स्वभाव पक्का असला तरी जागेचा परिणाम अगदीच शून्य नाही. डोक्याचे केस पायाच्या नडगीवर लावून पाहिले आहेत. तिथे ते उगवतात, पण डोक्यावरच्या वेगाने वाढत नाहीत.

एवढं पचलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपली आपण निघतात. ‘आता टकलावरचं औषध बंद करू ना?’ नको. लावलेले केस टिकतील, पण त्यांच्यामधले मूळचे केस आक्रसतच राहतील आणि काही वर्षांनी पुढे झुडूप, मागे माळ असं चित्र दिसेल. फिनास्टेराइड हे त्यातलं एक औषध रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरवतं. काहींना त्याने लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. ‘धाकट्या भावाचे लावले तर?’ शरीर ते परके म्हणून नाकारील. एकसारखे जुळे असाल तर गोष्ट वेगळी. ‘मला चाई पडलीय, तिथे लावा.’ चाई हा शरीराच्या संरक्षक पेशींनी पुटकांवर केलेला हल्ला आहे. नवं पुटकही त्याच तावडीत सापडतं. आणि बावीस वर्षांच्या पोराने घाई करू नये, कारण त्याचं टक्कल कुठवर जाणार हे अजून ठरायचं आहे आणि साठा मोजका आहे.

साठा किती? ग्राफ्ट म्हणजे एकत्र उचललेला पुटकांचा बारीक पुंजका; एकात एक ते चार केस असतात. मागून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, त्याहून जास्त उचलले तर मागेच चट्टे दिसू लागतात. मोठं टक्कल दोनशे चौरस सेंटिमीटरचं असू शकतं आणि बऱ्यापैकी दाट दिसायला दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्राफ्ट लागतात. गुणाकार करा : आठ हजार. साठा सहा हजारांचा, मागणी आठ हजारांची. ‘अमर्याद ग्राफ्ट, एकच दर’ अशी जाहिरात करणारा हा गुणाकार तुम्ही करणार नाही यावर विसंबून असतो. एक्सोसोम (पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) आणि स्टेमसेलच्या महागड्या इंजेक्शनांचा गाजावाजा तर आणखी मोठा, पुरावा मात्र तुटपुंजा.

आता पथ्यं. पहिले काही दिवस ग्राफ्टला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूचा पाझरच तो पितो आणि गोठलेल्या रक्तातल्या धाग्यांनी धरून राहतो. दहाव्या दिवसाच्या आसपास ओढूनही तो निघत नाही. म्हणून हे दहा दिवस जपायचे. डोकं उंचावर ठेवून झोपावं, खपल्या नखाने काढू नयेत. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते. आरशात पाहून दचकू नये. हेल्मेटचा प्रश्न गोव्यात सगळे विचारतात, कारण इथे स्कूटरशिवाय पान हलत नाही. हेल्मेट घासतं, आणि हेल्मेटविना जायचं नाही. तेव्हा दहा-पंधरा दिवस कदंबा बस बरी. एरवी हेल्मेटने टक्कल पडतं ही समजूत खोटी आहे. मिरामार-कळंगुटचं पाणी आणि दुपारचं ऊन महिनाभर टाळावं. फेणी काही दिवस बंद. सिगारेट त्याहून वाईट, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

मासे? घरोघर सांगतात की बांगडा, सुंगटं (कोळंबी) खाल्ली तर जखम पिकते. जखम जंतूंनी पिकते. मासळीची अॅलर्जी नसेल तर खुशाल खा, जखम भरायला प्रथिनं लागतातच. सात-आठ दिवस सुक्या भातावर काढलेला भाचा हे ऐकून माझ्यावर चिडला. मुंडण केल्याने केस दाट येतात हेही असंच; वस्तऱ्याने टोक बोथट होतं म्हणून केस जाड वाटतो, आतल्या पॅपिलाला वरच्या वस्तऱ्याचा पत्ताही नसतो.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. तासन्‌तास भूल देऊन हजारो छिद्रं पाडणं ही शस्त्रक्रिया आहे. भुलेच्या इंजेक्शनाची मात्रा चुकली तर मेंदू आणि हृदयावर बेततं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावलं आहे की हे काम प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं, व्हिडिओ पाहून शिकलेलं पुरेसं नाही. सुरी कोणाच्या हातात असेल, तो सबंध वेळ खोलीत असेल का, आणि काही बिघडलं तर तिथे काय सोय आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावं. उत्तर देताना कोणी आढेवेढे घेतले तर उठून यावं.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, लावलेले केस पांढरे होतील का. होतात. मागचे जेव्हा पिकायचे तेव्हाच पुढे लावलेलेही पिकतात. कलप लावायला हरकत नाही, फक्त महिनाभर थांबून आणि डॉक्टरांना विचारून.