कलर गार्ड: अमेरिकन हायस्कूलमधलं झेंड्यांचं पथक आणि त्यात शिरायची वाट

कलर गार्ड म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडबरोबर मैदानात उतरणारं पथक. यातली मुलंमुली बँडच्या संगीतावर झेंडे, लाकडी रायफली आणि बोथट सेबर, म्हणजे तलवारी, फिरवतात, वर उडवतात, झेलतात आणि हे सगळं नाचता नाचता करतात. बँड गाणं ऐकवतो आणि गार्ड ते गाणं डोळ्यांना दाखवतं. शाळेत पूर्ण नाव कोणी घेत नाही, नुसतं "गार्ड" म्हणतात आणि ते जे करतात त्याला "स्पिन करणं". पुण्यातल्या गणपती मिरवणुकीत ढोल-ताशा पथकापुढे ध्वज नाचवणारी पोरंपोरी असतात ना, ती डोळ्यासमोर आणा, अर्धी कल्पना तिथेच येते, मग त्यात जॅझ आणि बॅलेचा नाच मिसळा आणि ध्वज हवेत सोडून दोन गिरक्या घेऊन परत झेलायचा असं धरा, म्हणजे उरलेली कल्पनाही येईल.

नावामुळे एक गोंधळ कायम होतो तो आधीच सांगून टाकते. अमेरिकेत शाळेच्या कार्यक्रमात किंवा मॅचच्या सुरुवातीला राष्ट्रध्वज आणि राज्याचा ध्वज घेऊन कडक गणवेशात चालत येणारी चार-पाच मुलं असतात, त्यांनाही कलर गार्डच म्हणतात, पण ती बहुतेक वेळा जेआरओटीसीची असतात, म्हणजे साधारण आपल्या एनसीसीसारखी. मुलगी घरी येऊन "कलर गार्डला नाव देऊ का" म्हणाली तर आधी यातलं कुठलं ते विचारा. आणि चीअरलीडिंग वेगळं, डान्स टीम वेगळी, गार्ड वेगळं, तिन्हींच्या ऑडिशन वेगळ्या, कोच वेगळे, बऱ्याच शाळांत तर एकमेकांशी फारसा संबंधही नसतो.

हे आलं कुठून

"कलर्स" म्हणजे सैन्याच्या तुकडीचा ध्वज. तोफांच्या धुरात आणि गोंधळात आपली तुकडी कुठे आहे ते सैनिकांना त्या ध्वजावरून कळायचं, त्यामुळे तो पडू न देणं आणि शत्रूच्या हाती लागू न देणं यासाठी त्याच्याभोवती खास माणसं असायची. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू यांनी, ड्रम आणि ब्यूगलची पथकं चालवली, त्यांच्या स्पर्धा घेतल्या आणि त्या पथकांबरोबर ध्वज आणि ध्वजाचे रक्षकही चालायचे. रायफल आणि सेबर आजही गार्डच्या हातात आहेत ते या वारशामुळे.

१९७१ मध्ये या ड्रम-ब्यूगल पथकांची ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली चॅम्पियनशिप झाली. पथकं माजी सैनिकांच्या नियमांतून बाहेर पडली तसा हळूहळू कवायतीचा ताठरपणा कमी होत गेला आणि नाच वाढत गेला. पूर्वी परीक्षक चूक दिसली की दशांश गुण कापायचे, १९८० च्या दशकात ती पद्धत गेली, आणि माझ्या मते गार्डला पंख फुटले ते तेव्हाच, कारण चुकायची धास्ती कमी झाल्याशिवाय अवघड काही करून बघायला कोण धजेल!

दरम्यान हिवाळ्यात, फुटबॉलचा सीझन संपल्यावर गार्डवाल्यांना काहीतरी हवंच होतं, म्हणून बंद हॉलमध्ये, जिममध्ये, रेकॉर्ड केलेल्या संगीतावर फक्त गार्डच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यालाच विंटर गार्ड म्हणतात. १९७७ मध्ये विंटर गार्ड इंटरनॅशनल, म्हणजे डब्ल्यूजीआय, स्थापन झाली आणि तिची वर्ल्ड चॅम्पियनशिप आता ओहायोमधल्या डेटनला एप्रिलमध्ये होते. शाळांचे गट वेगळे असतात, स्कोलॅस्टिक ए, ओपन आणि वर्ल्ड, म्हणजे नवशिक्या शाळेला थेट मुरलेल्या शाळेसमोर उभं करत नाहीत. गुणही नुसते "छान वाटलं" म्हणून देत नाहीत, इक्विपमेंटचे वेगळे, मूव्हमेंटचे वेगळे, डिझाइनचे वेगळे आणि एकूण परिणामाचे वेगळे.

डान्स टीमची वंशावळ दुसरी आहे. टेक्सासमध्ये गसी नेल डेव्हिस नावाच्या बाईंनी १९४० मध्ये किलगोर कॉलेजात रेंजरेट्स हे ड्रिल टीम उभं केलं, हाफटाइमला प्रेक्षक स्टँडमधून उठून जाऊ नयेत म्हणून. एका ओळीत हात गुंफून पाय डोक्यापर्यंत उडवायचे ते हाय किक तिथूनच प्रसिद्ध झालं आणि टेक्सासच्या शाळाशाळांत ड्रिल टीम निघाल्या. आजच्या डान्स टीम पॉम, जॅझ, हिप हॉप, किक अशा प्रकारांत स्पर्धा करतात.

हातात काय असतं

झेंड्याचा पोल साधारण सहा फुटी, बहुतेक ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना रबरी टोपणं आणि आत वजन, कारण वजन नीट नसेल तर पोल हवेत सरळ फिरतच नाही. कापडाला सगळे "सिल्क" म्हणतात, असतं बहुतेक पॉलिस्टर. पोलवर इलेक्ट्रिकल टेपचे पट्टे चिकटवतात, ती शोभा नाही, हात कुठे पकडायचा त्याची ती खूण असते. रायफल पूर्ण लाकडी, तीन फुटांच्या आसपास, तिला नळीच नसते त्यामुळे उडायचा प्रश्नच नाही, फक्त पट्टा आणि बोल्ट खऱ्यासारखे. आईवडील "रायफल" शब्द ऐकून दचकतात म्हणून मुद्दाम लिहिलं. ती टेपने पूर्ण गुंडाळलेली असते कारण पडून लाकूड फुटतं, आणि ती पडतेच. सेबर धातूचं, धार नसलेलं, टोकाला रबर लावलेलं, आणि ते बहुतेक सगळ्यात शेवटी हातात मिळतं.

आत कसं शिरायचं

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की गार्डसाठी आधीचं काहीही यावं लागत नाही. डान्स टीमच्या ऑडिशनला बहुतेक ठिकाणी डबल पिरुएट (एका पायावर दोन गिरक्या), स्प्लिट, लीप (लांब उडी) हे येत असणं धरलेलंच असतं, त्यामुळे लहानपणापासून स्टुडिओत शिकलेल्या मुली पुढे जातात. गार्डमध्ये तसं नाही, कारण झेंडा फिरवायला आठवीतल्या कुठल्याच मुलीला येत नसतं, सगळे शून्यावर उभे असतात. आपल्याकडून इथे उशिरा आलेल्या, म्हणजे नववी-दहावीत पुण्याहून किंवा नागपूरहून थेट अमेरिकन शाळेत येऊन पडलेल्या पोरांसाठी याच्याइतकं उघडं दार शाळेत क्वचित दुसरं असेल.

ट्रायआउट्स, म्हणजे निवडीच्या ऑडिशन, बहुतेक एप्रिल-मे मध्ये, म्हणजे पुढच्या शालेय वर्षासाठी. आठवीतली मुलंही त्यात येतात. तीन-चार दिवस संध्याकाळी क्लिनिक, म्हणजे शिकवणीचं शिबिर, असतं, त्यातच सगळं शिकवतात आणि शेवटच्या दिवशी तेच करून दाखवायचं. पहिल्या दिवशी ड्रॉप स्पिन, म्हणजे झेंडा शरीरासमोर गोल फिरवत हात बदलत राहायचं, हेच तास तास. मग पुल हिट, कार्व्ह असे झेंडा फिरवायचे पुढचे प्रकार आणि छोटा टॉस, म्हणजे झेंडा हवेत उडवून झेलणं. शिक्षक टाळी किंवा तोंडाने "डट डट डट डट" असं मोजत राहतात आणि आठच्या आवर्तनात सगळं बसवायचं, आपल्या तबल्याच्या मात्रांसारखंच, पण इथे समेवर पोल हातात आलाच पाहिजे. नाचाचा भाग वेगळा होतो, हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला शासे, लीप, जॅझ वॉक करत जायचं. शेवटी एक छोटा कोरिओग्राफीचा तुकडा शिकवतात आणि मुलांना नंबर लावून तिघा-चौघांच्या गटात परीक्षकांसमोर उभं करतात.

आता परीक्षक काय बघतात. मुलांना वाटतं झेंडा पडला की संपलं. खरं तर पहिल्या ट्रायआउटमध्ये सगळ्यांचाच पडतो. बघायचं असतं ते पडल्यावर काय झालं, मुलगी जागेवर गोठली, ओठ चावला, परीक्षकांकडे बघून ओशाळं हसली, की पटकन उचलून पुढच्या काउंटला बाकीच्यांत मिसळली आणि चेहरा तसाच ठेवला. दुसरं बघतात ते सोमवारी दाखवलेली चूक बुधवारी सुधारली का. शिक्षकाने शेजारणीला सांगितलेली दुरुस्ती हिने स्वतःला पण लावली का, याला तर फार किंमत असते. ताकद, उंची, लवचिकता हे सगळं नंतर येतं. म्हणून घरी तयारी करायची तर यूट्यूबवर रायफलचे पाच गिरक्यांचे टॉस बघत बसण्यापेक्षा झाडूच्या दांड्यावर ड्रॉप स्पिन दोन्ही हातांनी करणं जास्त उपयोगाचं, डाव्या हाताने जास्त.

भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलींचं काय, हे मराठी पालक हमखास विचारतात. ताल, पाठांतर आणि चेहऱ्यावरचा भाव यात त्या खूप पुढे असतात. पण अरमंडीत गुडघे वाकवून जमिनीकडे झुकायची सवय असते आणि गार्डमध्ये बॅलेसारखं वर ताणलेलं शरीर आणि टोकदार पाऊल हवं असतं. कथकचे चक्कर टाचेवर, इथली गिरकी पावलाच्या पुढच्या भागावर. पायांची जुनी सवय मोडून नवीन शिकावं लागतं आणि पहिले दोन महिने मुलीला वाटतं आपल्याला नाचच येत नाही. येतो, फक्त वेळ द्या.

निवड झाल्यावर

बहुतेक शाळांत पहिल्या वर्षी फक्त झेंडा. रायफल आणि सेबरच्या गटाला वेपन लाइन म्हणतात, त्याची ऑडिशन वेगळी. टॉस गिरक्यांवर मोजतात, सिंगल, डबल, ट्रिपल, क्वाड, आणि पुढे पाच, सहा, सात. झेलताना हाताच्या तळव्यात लाकूड आपटल्याचा "ठक्" असा एकच आवाज आला पाहिजे, वीस जणींचा मिळून एकच. यासाठी दंडावर, मांडीवर निळे डाग पडतात, बोटं मुरगळतात, ग्लोव्ह्जने थोडंच वाचतं. बर्फाची पिशवी फ्रीजरमध्ये कायम ठेवा. डोक्याला लागलं तर मात्र "होतं असं" म्हणून सोडायचं नाही, शाळेच्या ट्रेनरला, म्हणजे दुखापती बघणाऱ्याला, लगेच सांगायचं.

जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये बँड कॅम्प. रणरणत्या उन्हात डांबरी पार्किंगवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मोठा पाण्याचा जग घेऊन. इथे ड्रिल शिकतात, म्हणजे मैदानावर कुठल्या काउंटला कुठे उभं राहायचं. पाच यार्डात आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, प्रत्येकाला आपला "डॉट", म्हणजे ठरलेली जागा, असतो आणि तो पाठ करावा लागतो, आता बऱ्याच शाळांत हे फोनवरच्या ॲपमध्ये असतं. गार्डचं अवघड हे की हातात झेंडा, तोंडात काउंट, पाय डॉटकडे आणि वरून वारा. वाऱ्याचा अंदाज कोणी शिकवत नाही, तो येतो.

मग शुक्रवारी रात्री फुटबॉल, शनिवारी स्पर्धा, पहाटेची बस. टेक्सासमध्ये शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठ तासांची मर्यादा आहे आणि १९८४ पासून "नो पास, नो प्ले" हा नियम, नापास झालं की स्पर्धेतून काही आठवडे बाहेर. मोठ्या स्पर्धा म्हणजे टेक्सासची राज्य स्पर्धा सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये आणि बँड्स ऑफ अमेरिकाची ग्रँड नॅशनल्स नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियममध्ये. गणपती नेमके या सीझनमध्ये येतात, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमाला मुलगी नसणार हे आधीच मनाशी धरलेलं बरं, तिला दोन्हीकडे ओढू नका.

खर्च लपवण्यासारखा नाही. गणवेश, शूज, ग्लोव्ह्ज, मेकअप, प्रवास, बाहेरून येणारे कोरिओग्राफर, हे सगळं मिळून वर्षाला काहीशे डॉलर सहज, विंटर गार्डमध्ये आणि दूरच्या स्पर्धांमध्ये हजारच्या वर. पण बूस्टर्स म्हणून पालकांची समिती असते, ती फंडरेझर करते, आणि पैशाची अडचण असेल तर बँडच्या डायरेक्टरला खाजगीत सरळ सांगायचं, बहुतेक ठिकाणी मार्ग काढतात. मुलांनी पैशावरून मागे हटू नये यासाठीच ती समिती धडपडत असते. आईवडिलांनाही काम लागतं, झेंडे शिवणं, प्रॉप ढकलणं, विंटर गार्डमध्ये तो अवाढव्य रंगवलेला फ्लोअर, म्हणजे ताडपत्री, जिमवर पसरणं आणि दोन मिनिटांत गुंडाळून बाहेर नेणं. बाबा लोक यात फार रमतात असं दिसतं.

मुलगे असतात का? असतात. पूर्वी हे बहुतेक मुलींचंच समजलं जायचं, आता कित्येक पथकांत मुलगे झेंडाही घेतात आणि वेपन लाइनमध्येही असतात. तरी शाळेत टोमणे खावे लागतात आणि आपल्या घरांतूनही "मुलगा झेंडा काय नाचवतो" असं येतं. मिरवणुकीत ध्वज घेतलेल्या मुलाचं आपण कौतुक करतो, तेच इथे करायला हवं, कारण मेहनत तीच आहे, किंबहुना जास्त.

निवड नाही झाली तर बऱ्याच शाळा विंटर गार्डसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा ऑडिशन घेतात, आणि कित्येकदा वसंतात नाकारलेली मुलगी तिथे घेतली जाते. मधल्या महिन्यांत शाळेकडून जुना पोल उसना मागायचा, देतात. शाळा संपल्यावर कॉलेजच्या बँडचं गार्ड असतं, शाळेबाहेरची इंडिपेंडंट पथकं असतात, आणि उन्हाळ्यात ड्रम कोअर, जिथे एकवीस-बावीसच्या वयाला बाहेर पडावं लागतं, त्याला "एज आउट" म्हणतात. त्यातलीच पुष्कळ जण मग जवळच्या हायस्कूलमध्ये संध्याकाळी शिकवायला येतात, आणि पुढच्या एप्रिलला क्लिनिकमध्ये समोर उभं राहून "डट डट" मोजणारी बहुतेक तीच असतात.