सिमेंटनं भिजवलेलं मातीचं चर्च

आमच्या मामाच्या घराची मागची भिंत मातीची, आजोबांच्या वेळची. चार-पाच वर्षांपूर्वी मामानं तिला सिमेंटचा गिलावा मारून घेतला, गवंडी म्हणाला आता पंचवीस वर्षं बघायला नको. दोन पावसाळ्यांत जमिनीपासून हातभर उंचीवर गिलावा फुगला. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज, आणि एक पोपडा निघाला तेव्हा आतनं चक्क ओला गारा गळून पडला. घरातले सगळे गवंड्याच्या नावानं बोटं मोडत होते, मला मात्र अमेरिकेतलं एक चर्च आठवत होतं, कारण तिथे हेच झालंय, फक्त कितीतरी मोठ्या मापानं.

न्यू मेक्सिको राज्यात ताओसच्या दक्षिणेला रांचोस दे ताओस नावाची वस्ती आहे, तिथलं हे सॅन फ्रान्सिस्को दे आसिस चर्च. तो मुलूख तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, १७७२ ते १८१६ या काळात कधीतरी हे बांधून झालं. बांधकाम अडोबीचं, म्हणजे माती, वाळू, पाणी आणि काड कालवून साच्यात घालून नुसत्या उन्हात वाळवलेल्या विटांचं, भट्टी नाहीच. (अडोबी हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला आणि अरबीत प्राचीन इजिप्तच्या भाषेतून, म्हणजे वीट कच्ची पण शब्द चांगला मुरलेला.) चर्चच्या मागच्या बाजूला मातीचे अवाढव्य टेकू आहेत, कणगीसारखे फुगीर, चित्रकार जॉर्जिया ओ'कीफनं त्यांची चित्रं काढली, छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं त्यांचे फोटो काढले.

तर या चर्चला दरवर्षी बाहेरून मातीचा लेप द्यायला लागायचा. ती कटकट एकदाची संपावी म्हणून १९६७ मध्ये त्याला सिमेंटचा कडक गिलावा चढवला. पुढच्या दहा-बारा वर्षांत लक्षात आलं की आत भिंती ओल धरून बसल्यात, विटा विरघळतायत. शेवटी गावानं तो सगळा गिलावा उतरवला आणि परत माती लावली.

आता हे का होतं? आपल्याला वाटतं पाणी वरून, पावसातून येतं, आणि सिमेंट ते अडवतं. पण पाणी खालूनही येतं. मातीच्या भिंतीत बारीक बारीक पोकळ्या असतात, नळ्याच समजा, आणि बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं हे आपण शाळेत केशाकर्षणात शिकलोय. १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढेल, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर, आणि १ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, नळीत हिशोबानं १५ मीटर! मग मातीची सगळी घरं छपरापर्यंत ओली का नसतात? कारण पाणी चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागावरून उडूनही जातं. जिथे चढणारं आणि उडणारं पाणी सारखं होतं तिथे ओल थांबते, साध्या मातीच्या भिंतीत ही रेघ बऱ्यापैकी खाली राहते. आता उडायची वाट सिमेंटनं बंद करा. खालून येणारं पाणी काही थांबत नाही, ते उडायला जागा शोधत आणखी वर जातं. वर पुन्हा सिमेंटला केसाएवढ्या तडा जातातच, त्यातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि त्याच तडेतून बाहेर यायला त्याला युगं लागतात. ताओस समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात आत अडकलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि गिलावा भिंतीपासून सोडवतं.

पण मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. कच्ची वीट उभी कशी राहते? सिमेंट रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, भाजलेल्या विटेत माती कायमची बदलते, इथे असलं काहीच नाही. चिकणमातीचे कण चपटे, पापडासारखे, आणि वाळलेल्या विटेतही त्यांच्या सांध्यात पाण्याचा किंचित अंश उरलेला असतो. त्या थेंबाचा पृष्ठभाग आत वळलेला, आणि हीच वक्रता कणांना एकमेकांकडे ओढते. पोकळी ०.१ मायक्रॉन त्रिज्येची असेल तर ही ओढ हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण १४ पट भरते. म्हणजे जी ओढ पाण्याला भिंतीत वर चढवते तीच भिंतीला धरूनही ठेवते. पाणी वाढलं की पोकळ्या भरतात, वक्रता जाते, ओढ शून्य, आणि वीट परत चिखल. किल्ला करताना वाळू किंचित ओली असेल तर उभी राहते आणि बादलीभर ओतलं की बसते, ते हेच. सिमेंटखाली गुदमरलेल्या भिंतीचा पाया असा गुपचूप चिखल होत जातो आणि वरून सगळं टकाटक दिसत राहतं.

मातीचा लेप मात्र झिजतो, आणि झिजायलाच असतो. पाऊस त्याला खातो, आतली वीट वाचते. आपल्याकडचं सारवणही याच जातीचं. फक्त शेणानं सारवलं की रेडिएशन अडतं असले फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका, शेणातल्या काड्यांमुळे तडा कमी पडतात एवढं पुरेसं नाही का? चमत्काराची हौस तिकडेही आहेच म्हणा. याच चर्चच्या आवारात १८९६ चं एक चित्र आहे जे अंधारात चमकतं, आणि रेडियमचा शोध तर १८९८ चा, मग हे दैवीच असणार असं सांगतात. पण अंधारात चमकणारा कॅल्शियम सल्फाइडचा रंग १८८० च्या सुमारास इंग्लंडात विकत मिळत होता, त्याला रेडियम लागत नाही.

दर जूनमध्ये तिथली माणसं जमतात, म्हातारेकोतारे, पोरंटोरं सगळे, चाळलेली माती आणि काड पाण्यात कालवतात आणि भिंतींवर हातानं लेप चढवतात. लिंपणारीला स्पॅनिशमध्ये एन्हार्रादोरा म्हणतात, कारण हे काम परंपरेनं बायकांचं. चर्चला १९७० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण मला विचाराल तर खरं स्मारक म्हणजे हा जूनमधला चिखल, कारण कुठल्या कोपऱ्यावर थर जाड द्यायचा हे फक्त हातांना माहीत असतं, आणि एक पिढी जरी चुकली तरी ते जातं.

मामाला हे सगळं फोनवर ऐकवलं, केशाकर्षणापर्यंत तो जांभया देत होता. पण खालचा तीन फूट गिलावा त्यानं फोडून टाकला. लोणा धरलेली भिंत दिवाळीपर्यंत वाळली, मामीनं तेवढा पट्टा सारवलाय, आणि वरचं सिमेंट अजून तसंच आहे, त्याचे पैसे गेलेत म्हणून.