अमेरिकेतील कॉलेजला लवकर अर्ज केल्याने प्रवेशाची शक्यता वाढते का?

काही कॉलेजांत वाढते, पण त्यासाठी ठरावीक फेरीत अर्ज करावा लागतो. त्याच फेरीत पंधरा दिवस आधी अर्ज पाठवून काहीही पदरात पडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांना अर्ज 1 ऑक्टोबरपासून साधारण 30 नोव्हेंबरपर्यंत पाठवता येतो. तिथे लवकर अर्ज करण्याची वेगळी ‘अर्ली’ फेरीच नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी पाठवलेल्या अर्जाला झुकतं माप मिळत नाही. अपवाद रोलिंग ॲडमिशनचा. तिथे अर्ज येतील तसे निकाल लागतात आणि जागा भरत जातात, म्हणून तिथे खरोखरच घाई करावी.

फरक पडतो तो मुख्यतः ‘अर्ली डिसिजन’मध्ये. ही फेरी बंधनकारक आहे. अशा फेरीत एकाच कॉलेजला अर्ज करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं व बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. ड्यूक, ब्राउन, कॉर्नेल, नॉर्थवेस्टर्न ही अशी फेरी घेणारी काही विद्यापीठं. अर्जाची अंतिम तारीख बहुधा 1 किंवा 15 नोव्हेंबर असते आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. कॉलेजचा फायदा उघड आहे: आपण निवडलेला विद्यार्थी नक्की येणार, हे आधीच कळतं. म्हणून काही कॉलेजं जवळजवळ निम्मा वर्ग याच फेरीत भरतात.

या फेरीची प्रवेशाची टक्केवारी नेहमीच्या फेरीपेक्षा बरीच जास्त दिसते, पण ती जपून वाचा. त्यात प्रशिक्षकांनी आधीच निवडलेले खेळाडू असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि एकूणच तयारी पक्की असलेले अर्जदार जास्त असतात. हे वगळल्यावरही थोडा फायदा उरतो, पण कच्चा अर्ज त्याने तरत नाही.

‘अर्ली ॲक्शन’ बंधनकारक नसते. निकाल लवकर कळतो, निर्णय मात्र 1 मेपर्यंत घेता येतो. एमआयटी याच पद्धतीने अर्ज घेते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची फेरीही बंधनकारक नाही, पण त्या वेळी इतर खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करायला सहसा मनाई असते. या फेरीत अर्ली डिसिजनइतका फायदा धरून चालू नका.

आता पैशांचं बोलू, कारण माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. अर्ली डिसिजन घेतलं की वेगवेगळ्या कॉलेजांनी देऊ केलेली आर्थिक मदत शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. श्रीमंत घरांतल्या मुलांना अर्ली फेरी जास्त मानवते, हा आक्षेप मान्य करूनच हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये ती बंद करण्याचं जाहीर केलं होतं. 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. मिळालेल्या मदतीत तिथे शिकणं परवडतच नसेल, तर करारातून मोकळं होता येतं. तरीही घरखर्चाचा हिशेब अर्जाआधी करा. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’वरून अंदाज येतो, मात्र तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना लागू आहे का, हे पाहून घ्या. शिवाय बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, तर प्रवेशाच्या निर्णयातही ती बाब विचारात घेतली जाते.

कागदपत्रं अर्ली आणि नेहमीच्या, दोन्ही फेऱ्यांना जवळपास तीच: नववीपासूनचं ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे शाळेने दिलेली गुणांची नोंद), शाळेचा अहवाल, समुपदेशक आणि शिक्षकांची शिफारसपत्रं, 650 शब्दांपर्यंतचा निबंध, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, आणि कॉलेज मागत असेल तर सॅट किंवा एसीटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे गुण. आर्थिक मदतीसाठी अनेक खासगी कॉलेजं ‘सीएसएस प्रोफाइल’ हा कुटुंबाच्या आर्थिक माहितीचा अर्ज मागतात. अर्ली डिसिजनच्या करारावर मात्र विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, 1 ऑगस्टला सुरू होतं. शिक्षकांना शिफारसपत्राचं तेव्हाच सांगून ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्याकडे अनेकांची रांग लागते.

अर्ली फेरीत बारावीचे गुण हाती नसतात, आधीच्या वर्षांवरच भिस्त असते. अकरावीत मागे पडून आता जोर धरलेल्या मुलाने नेहमीच्या फेरीपर्यंत थांबावं; जानेवारीत त्याचा अर्ज अधिक भक्कम दिसेल. अर्ली फेरीत ‘डिफर’ झालात, म्हणजे निर्णय पुढे ढकलला गेला, तर अर्ज पुढच्या फेरीत पुन्हा पाहिला जातो आणि बंधनही सुटतं. अशा वेळी शाळेकडून सहामाही निकाल वेळेत पाठवून घ्या. दुसरं एखादं कॉलेज मनापासून हवं असेल, तर त्याची ‘अर्ली डिसिजन दोन’ फेरी आहे का, तेही पाहा. तिची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला संपते.