भारतातील स्त्रियांचा मताधिकार

भारतातील स्त्रियांना विधिमंडळांच्या निवडणुकांत मत देण्याचा हक्क मिळावा, यासाठी १९१७ पासून राज्यघटना अमलात येईपर्यंत चाललेली चळवळ. या चळवळीला आधी नकार मिळाला आणि नंतरचा होकारही दीर्घकाळ मालमत्तेच्या व पतीच्या आडून मिळत राहिला.

डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री एडविन माँटेग्यू मद्रासला आले असता सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. त्यामागे भारतात स्थायिक झालेल्या आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांचा पुढाकार होता. पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल त्याच अटींवर ते स्त्रियांनाही मिळावे, एवढीच मागणी होती. १९१८ च्या मुंबईतील काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाने तिला पाठिंबा दिला. मात्र मताधिकाराच्या प्रश्नासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीने देशातील सामाजिक परिस्थितीकडे बोट दाखवून ती फेटाळली. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या १९१९ मध्ये लंडनला गेल्या व ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. संसदेने स्वतः निर्णय न घेता तो प्रांतिक विधिमंडळांवर, म्हणजे पुरुषांनीच निवडलेल्या पुरुषांवर, सोपवला.

मद्रास व मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये अनुकूल ठराव केले. मुंबई इलाख्यातील प्रचारात पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. बंगालने १९२१ मध्ये नाकारलेला हक्क १९२५ मध्ये दिला. तरीही मतदार होण्यासाठी मालमत्ता किंवा कर यांची अट असल्याने अगदी थोड्या स्त्रिया यादीत आल्या, कारण घरी शेती असली तरी उताऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचे, सासऱ्याचे किंवा मुलाचे असे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने साक्षर स्त्रियांना आणि पात्र मतदारांच्या पत्नींनाही मत दिले. स्त्री-मतदारांची संख्या त्यामुळे साठ लाखांच्या वर गेली. पत्नी म्हणून मिळणारे हे मत अखिल भारतीय महिला परिषदेला मान्य नव्हते. त्याआधीच, १९३३ मध्ये, राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी व शरीफा हमीद अली यांनी लंडनमध्ये साक्ष देताना सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला, आणि ही भूमिका काळाच्या पुढची असली तरी तर्काला धरून होती. अखेर राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, स्त्री-पुरुष भेद न करता, मताधिकार दिला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होताना अनेक स्त्रियांनी, विशेषतः उत्तर व मध्य भारतात, स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशीच नोंद केली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि नाव न मिळालेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया १९५१-५२ च्या मतदार यादीतून वगळल्या गेल्या.